बुवांचा न संपणारा पाळणा

रूपगडच्या राजवाड्यात राजकन्येचं बारसं खोळंबलं होतं. पाळणा म्हणून संपल्याशिवाय बाळाचं नाव ठेवायचं नाही, असा तिथला रिवाज; आणि दरबारी गवई धुंडिराजबुवांनी रचलेला पाळणा काही संपेना!

संपेल कसा? आता शेवट आला असं वाटून बायका सुस्कारा सोडत, तोच बुवा हुलकावणी देऊन नव्या तानेवर स्वार होत. 'बाळा' या एका शब्दाच्या त्यांनी इतक्या चिंध्या केल्या, की त्यात बाळ कुठे गेलं ते कुणालाच कळेना. खरं बाळ मात्र पाळण्यात टाहो फोडत होतं. घुगऱ्या गार झाल्या. नाव सांगायला वाकलेल्या आत्याबाई वाकलेल्याच राहिल्या!

राजा रायभान मात्र डोलत होता. कळत त्यालाही काही नव्हतं. पण त्याचं मत ठाम होतं. "जे आपल्याला कळतं, ते कसलं गाणं?" मंत्री भलत्याच जागी "वाहवा!" म्हणत, आणि त्यांचं पाहून बाकीचे.

अखेर केशरी दूध प्यायला बुवा थांबले. पाळण्याला मोगऱ्याच्या माळा बांधायला आलेली येसा माळीण तिथेच उभी होती. रडून लालबुंद झालेलं बाळ पाहून तिला राहवेना. तिनं पाळण्याची दोरी धरली आणि हलकेच म्हटलं,

"हळूहळू हाल रे पाळण्या,
पेंगली माझी साळुंकी..."

एवढंच. पुन्हा तेच. बाळानं एक जांभई दिली आणि डोळे मिटले.

बुवांनी दुधाचा पेला आदळला. "माझ्या श्रोत्याला कुणी झोपवलं?"

राजा कडाडला, "माळीणबाई! बुवांच्या गाण्यात तोंड घालतेस? आत्ताच्या आत्ता राज्याबाहेर चालती हो!"

येसाचा चेहरा उतरला. तिचं घर, हातानं लावलेला मळा, सगळं इथेच होतं. राणीनं रदबदली केली, तेव्हा राजा मिशीला पीळ देत म्हणाला, "बरं! बुवांना गाता येणार नाही असं काहीतरी गाऊन दाखव. जिंकलीस तर मागशील ते देईन. हरलीस तर राज्य सोड!"

दरबार हळहळला. बुवा एकदा ऐकलं की काहीही गाऊन दाखवत. कोकिळा, कारंजं, अगदी गाडीचं कुरकुरणारं चाकसुद्धा!

येसानं पदर खोचला. "गाते, महाराज. पण बुवांनी जसंच्या तसं गायचं. कमी नाही, जास्त नाही."

बुवा हसले. "माझ्याकडून कमी पडेल असं वाटतं तुला?"

"कमी पडायची भीती नाही बुवा, जास्तीचीच आहे!"

"आणि चुकलं की बरोबर, हे ठरवायचं कुणी?" मंत्र्यांनी विचारलं.

"छोट्या बाईसाहेबांनी! बाळ झोपून राहिलं तर बरोबर, उठलं तर चूक. त्यांना कुणाची भीती नाही, आणि कुणाकडून जहागीरही नको आहे."

मंत्री खोकले. येसानं त्याच दोन ओळी म्हटल्या. आरडाओरड्यानं चाळवलेलं बाळ पुन्हा गाढ झोपलं.

बुवा पुढे सरसावले. "हळूहळू हाल रे पाळण्या..." इथवर ठीक. पण साळुंकी आली मात्र, ती भुर्रकन वरच्या सुरात उडाली, तिथे गिरक्या घेतल्या आणि धाडकन खाली उतरली. बाळानं भोकाड पसरलं!

येसानं पुन्हा निजवलं. बुवांनी दात आवळले, गुडघे घट्ट धरले. तरी 'पेंगली'त एक मुरकी निसटलीच. "ही माझी चूक नाही, गळ्याची आहे!" बुवा ओरडले. त्या ओरडण्यानं तर बाळ आणखीच रडलं.

तिसऱ्या खेपेला बुवांना दरदरून घाम फुटला. दोन्ही ओळी सरळ गेल्या! सगळ्यांनी श्वास रोखला. आता फक्त गप्प बसायचं होतं. बुवांचे ओठ थरथरले, बोटं वळवळली... आणि शेवटचे शब्द त्यांनी तीनदा फिरवून दणक्यात समेवर आणून आदळले!

बाळ किंचाळलं.

"अहो बुवा," राजा थक्क झाला, "दोनच तर ओळी!"

बुवा रडकुंडीला आले. "महाराज, एवढं उघडं गाणं नाही हो जमत! अंगावर धोतर नसल्यासारखं वाटतं!"

बायका पदर तोंडाशी धरून खुसखुसल्या. पण राजा हट्टी. त्यानं येसाला विचारलं, "तुझ्या गाण्यात असं आहे तरी काय?"

"काहीच नाही, महाराज. म्हणून तर झोपेला आत शिरायला जागा मिळते!"

राजाची मिशी हलली. मग साऱ्या बायकांनी मिळून येसाचा पाळणा म्हटला, तो बघता बघता संपलाही. आत्याबाईंनी कानात 'कमळजा' असं नाव सांगितलं आणि हुश्श करून कंबर सरळ केली.

राजानं येसाच्या हातात सोन्याच्या पाटल्या घातल्या आणि तिनं मागितलेली वाड्यामागची बाग तिच्या नावे केली. मग हळूच विचारलं, "आता बुवांच्या पाळण्याचं काय करू गं?"

"पलीकडच्या भीमगडच्या राजालाही बाळ झालंय म्हणे," येसा म्हणाली. "आपलं त्यांच्याशी वैर आहे ना?"

राजा इतका खदखदून हसला, की त्याचा फेटा सुटून गळ्यात आला. त्याच संध्याकाळी बुवांची पालखी, तंबोऱ्यासकट, भीमगडच्या वाटेला लागली!