सावरखिंडीची करवंटी

मंडळी, गाडीच्या किल्ल्या इथे या फळीवर ठेवा. झऱ्यापाशी लोखंड न्यायचं नाही, हा सावरखिंडीचा रिवाज. समोर कातळाशी करवंटी धरून बसली आहे ती माझी नात, वैदेही. परवा तिचं लग्न आहे. इथली लेक सासरी निघण्याआधी करवंटीभर पाणी धरते आणि झऱ्यालाच परत वाहते. का, ते सांगतो.

फार पूर्वी हा झरा छातीच्या उंचीवर होता म्हणे. करवंटी भरायला पानविडा चघळून होईल एवढा वेळ लागे, पण ऐन वैशाखातही खंड नसे. गावचा प्रमुख बयाजी गावकर. त्याच्या येसूचं लग्न ठरलं. शंभर माणसांचं वऱ्हाड येणार आणि पाणी हे असं ठिबकणारं, याची त्याला लाज वाटली. त्याने पाथरवटाला बोलावलं. पाथरवट कातळावरून हात फिरवून म्हणाला, "गावकरांनु, ह्येका हात लावू नका. पाणी वाट बदलतला."

लग्नाच्या सकाळी बयाजीने स्वतःच पहार उचलली. तिसऱ्या घावाला पाणी भळाभळा उसळलं. गावाने टाळ्या पिटल्या. त्या थांबायच्या आत पाणी आत ओढलं गेलं. हंडे घेऊन आलेल्या बायका त्या भोकाकडे बघत राहिल्या. वऱ्हाडाचे पाय धुवायलाही थेंब नव्हता. ते वेशीवरूनच परतलं.

येसू हळदीच्या अंगाने इथे आली आणि कातळावर हात ठेवून बसली. "तू परत येयपर्यंत मी खंय जावचंय नाय," ती म्हणाली, "आणि तुका लोखंड लागूक देवचंय नाय." सातव्या दिवशी तिच्या तळहाताखालचा कातळ ओला झाला, हातभर खाली, याच जागी. येसू मग कुठे गेलीच नाही. झऱ्याची राखण करत इथेच म्हातारी झाली, असं सांगतात. म्हणून इथली लेक निघण्याआधी झरा वाहतो आहे ना, ते करवंटी भरून बघते आणि पाणी त्याचं त्याला परत देते.

वरच्या उतारावरच्या प्लॉटवर बोअर मारली तर पाणी लागेल का, असं तुम्ही मघाशी विचारलंत. लागतं. आठ दिवसांपूर्वी शेजारच्या बंगल्याची मारली, तीनशे फुटांवर कारंजं उडालं. अख्खा गाव बघायला गेला होता. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. जन्मभर ही गोष्ट सांगत आलो, आणि तेव्हा येसू आठवली नाही. अजून माझं मलाच खरं वाटत नाही.

आजही इथली नवरी करवंटी भरल्याशिवाय निघत नाही. वैदेही सकाळपासून बसली आहे. जवळ जाऊन बघा हवं तर. करवंटी अजून कोरडी आहे.