आंबेखारचा आज्यांचा बांध

आंबेखारची खाडी जिथे गावाला वळसा घालते, तिथे एक मातीचा बांध आहे. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातशेती. बांध सरळ असावा अशी आपली समजूत. हा मात्र मध्येच रुंद होतो, मग अरुंद, मग पुन्हा पोट काढतो. आखूनरेखून केलेलं काम नव्हे, हे लांबूनच कळतं. पाग टाकून येणाऱ्याला विचारावं, आज मासळी कुठे लागली? तर तो म्हणतो, "द्रुपदीच्या खालती," किंवा "सावळाआजीच्या बगलेक." नव्या माणसाला वाटतं, या बाया इथेच कुठे राहत असतील. तिथे कुणाचं घर नाही, साधी खोपही नाही.

पाहुणे आले की त्यांना बांधावर न्यायचं काम दाजी खोबरेकरांकडे असतं. दाजी पुढे चालतात, मागे वळून न बघता बोलतात. कुणी फोटो काढायला थांबलं तर तेही थांबतात, पण गोष्ट मागे जात नाही. जे हुकलं ते हुकलं. ते सांगतात ती हकीकत अशी.

फार पूर्वी हा बांध एकच असला तरी त्याचे मालक पुष्कळ होते. ज्याचं शेत, त्याच्यासमोरचा तुकडा त्याचा, असा रिवाज. कापणी उरकली की जो तो आपल्या तुकड्यावर माती घालून, चोपून चोपून तो गुळगुळीत करी. शेजाऱ्याच्या तुकड्याला हात लावणं म्हणजे भांडण अंगावर घेणं. त्यामुळे दोन तुकड्यांच्या मधली हातभर जागा कुणीच भरत नसे. तू भर, मी का भरू? पाणी सोडायच्या मोरीजवळचा तुकडा तर सगळ्या गावाचा होता, म्हणजे कुणाचाच नव्हता. नारळी पुनवेला उधाण आलं की पाणी नेमकं तिथून आत घुसे. उभं भात खाऱ्या पाण्यात करपून जाई. लोक येत, आपला तुकडा शाबूत आहे एवढं पाहत आणि मागे फिरत. फुटल्या बांधाचा दोष मग आपसूक देवावर जाई.

असं लागोपाठ होत गेलं. गावात पेज पातळ झाली, विहिरींना खारट चव आली. शेवटी श्रावण लागताच गाव देवळात जमलं आणि कौल लावला. एकाच्या अंगात देवाचा अवसर आला, आणि अवसराच्या तोंडून शब्द निघाले म्हणे, "जेच्याबगर गावाचा चलाचा नाय, तां माणूस बांधात व्हया."

ज्याच्याशिवाय गाव चालणार नाही असं माणूस कोण? तातोबा गावकार हा गावचा पुढारी. सगळ्यांचे डोळे आधी त्याच्याकडे वळले. एरवी कुणी आपल्याला असं मोठं म्हटलं असतं तर तो फुलून गेला असता. त्या दिवशी मात्र तो घाईघाईने म्हणाला की, आपल्यासारखे छप्पन्न मिळतील. गाव चालतं ते ज्यांना लेकरं व्हायची त्या बायांमुळे. नवी सून नसेल तर पुढची पिढी कुठली? आणि गावातली सर्वांत नवी सून होती मंजुळा. वैशाखातच तिचं लग्न झालं होतं. तिचे आईबाप लहानपणीच वारले होते, आणि उद्या तिचं काय झालं हे विचारायला माहेरचं कुणी येणार नव्हतं. खरं कारण हेच होतं. ते कुणी बोललं नाही, आणि सगळ्यांनी मान हलवली.

मंजुळा ही दारकाआजीची नातसून. दारकाआजी गावची सुईण. तिचा लेक आणि सून एकाच साथीत गेले, तेव्हा पाळण्यातला नातू बाबल तिने शेळीच्या दुधावर जगवला. त्याच बाबलची ही बायको. पुनवेला मंजुळेला बांधात जिवंत पुरायचं ठरलं तेव्हा बाबल देवळाच्या खांबाला धरून उभा होता आणि खाली बघत होता. गावापुढे तोंड उघडायची त्याची छाती झाली नाही. आजीला त्याचा राग आला, लाजही वाटली.

आजी घरी आली तेव्हा मंजुळा चुलीपुढे बसून होती. निरोप आजीच्या आधी येऊन पोचला होता. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "माका म्हायार नाय गे आजी. पळान तरी खंय जाव?"

या पोरीला दारकाआजीने स्वतः पसंत केलं होतं. सोयरीक जुळवून देणाऱ्यांना सांगितलं होतं की, आता हिची काळजी सोडा. तिने लुगड्याचा पदर खोचला आणि तडक देवळात गेली. माणसं अजून उठली नव्हती.

"पोरीक ठेवा. माका घाला," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. तातोबा गावकाराने मात्र समजुतीच्या सुरात सांगितलं, "आजी, देवाक वाळको नारळ चलत नाय. जेच्याबगर गावाचा अडतला असो जीव व्हयो. तुझा वय झाला. तू घराक जा."

हे बोलणं तिला लागलं. गावातल्या निम्म्या लोकांची नाळ तिने कापली होती, हसणाऱ्याचीसुद्धा. पण ती चिडली नाही.

"बरा," ती म्हणाली. "पुनवेपर्यंत मी बांधार जावन बसतंय. घराक येवचंय नाय. माझ्याबगर तुमचा अडला नाय, तर पोरीक न्या. अडला, तर माका न्या."

गावकऱ्यांनी हसत हसत कबूल केलं. म्हातारी दोन दिवसांत पावसाला कंटाळून परतेल, असाच सगळ्यांचा होरा होता.

दारकाआजी इरलं पाठीवर घेऊन बांधावर गेली आणि मोरीजवळच्या त्या कुणाच्याच नसलेल्या तुकड्यावर बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी द्रुपदी येऊन बसली. मग सावळा आली, मग आणखी कुणी कुणी. त्या दारकाआजीच्या वयाच्या, तिच्याबरोबर याच गावात नवऱ्या म्हणून आलेल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. द्रुपदी नुसतं म्हणाली, "घरात करमाक नाय." मग पानसुपारीचा बटवा निघाला, गप्पा सुरू झाल्या. हात रिकामे ठेवायची सवय नसल्याने बोलता बोलता त्या खुर्प्याने माती ओढत आणि तुकड्यातुकड्यांमधल्या फटी बुजवत. कुणाची माती, कुणाची फट, हे त्यांनी पाहिलं नाही.

इकडे गावात पहिल्या दिवशी काहीच बिघडलं नाही. उलट तरण्या सुनांना जरा मोकळं वाटलं, हेही सांगायला हवं. दाजी इथे हसतात. मग हळूहळू घडी विस्कटायला लागली. कुणाचं मूल रात्रंदिवस रडू लागलं, आणि त्याला कसली घुटी द्यायची ते आईला ठाऊक नव्हतं. दोन भावांच्या बायकांचं भांडण पेटलं. ते आजवर पेटत नव्हतं, कारण सावळाआजी एकीच्या परसातली काकडी तोडून दुसरीला "तुझ्या जावेन दिल्यान" म्हणून नेऊन देई. गाय अडली, तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसणारं कुणी नव्हतं.

आणि गावाबाहेर एका पडक्या पडवीत धाकू नावाचा आंधळा राहत असे. तो कित्येक वर्षं दोन वेळ जेवत होता. प्रत्येक घराला वाटे, शेजारचं घर त्याला घालतं. आता कुणाच्या तरी लक्षात आलं की धाकू काही दिवस बाहेर दिसला नाही. जाऊन बघतात तर तो भुकेने अंथरुणाला लागलेला. त्याला कुठलंच घर वाढत नव्हतं. या म्हाताऱ्या आळीपाळीने आपल्या ताटातलं काढून नेत होत्या आणि घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी गावातल्या बऱ्याच जणांना घास गोड लागला नाही, असं सांगतात.

तरीही कुणी कबूल होईना. कबूल होणं म्हणजे हार. ती वेळ आली गावकाराच्याच घरी. त्याची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. ती अडली. घरातल्या बायांनी जमेल ते केलं आणि मग सगळ्या गावकाराकडे बघू लागल्या. तातोबा चिखल तुडवत बांधावर आला.

"चेडू अडलाहा गे आजी," एवढंच तो म्हणाला.

दारकाआजी तेव्हाच उठली. आता अडला ना, असं तिने विचारलं नाही. पैजेसाठी बाळंतिणीला ताटकळत ठेवणारी ती नव्हती. तिने लेकीला सोडवलं, मुलगा झाला, त्याला पुसून आजोबाच्या हातात दिला, आणि हात धुऊन ती पुन्हा बांधाकडे चालू लागली. बाळ छातीशी धरलेला तातोबा तिच्यामागोमाग अंगणात आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अडला, आजी. तुझ्याबगर गावाचा अडला."

"मगे ठरला," ती म्हणाली. "पुनवेक माका घाला."

आपण काय कबूल करून बसलो, ते गावकाराला तेव्हा कळलं. गाव हादरलं. जिला कुणी मोजत नव्हतं, तीच आता द्यायची होती. आणि देवाला शब्द दिलेला, तो मोडायची सोय नव्हती. मंजुळा बांधावर येऊन आजीच्या पायांना मिठी मारून बसली. "माकाच न्या," म्हणाली. आजीने तिला उठवलं आणि घरी जाऊन धाकूला पेज द्यायला सांगितलं.

नारळी पुनव उजाडली. भर दुपारी उधाण यायचं होतं. सगळं गाव बांधावर लोटलं. मोरीजवळच्या तुकड्यात खड्डा खणला होता. दारकाआजी न्हाऊन, धुवट लुगडं नेसून आली आणि कुणाचा हात न धरता खड्ड्यात उतरली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. लोकांनी "व्हय महाराजा" म्हणायचं, पण कुणाच्या तोंडून ते निघेना. मातीच्या टोपल्या भरून ठेवल्या होत्या, त्यांना कुणी हात लावीना. भरती चढत होती.

"घाला माती," आजी खड्ड्यातून म्हणाली. "पाणी इला."

तेव्हा गर्दीतून बाबल पुढे आला. देवळात ज्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तोच हा बाबल. त्याने खड्ड्यात उडी घेतली आणि आजीला चिकटून उभा राहिला.

"आजी, वायच सरक."

"तू कित्याक उतारलंस रे?"

"तुका हयं ठेवन घराक जावन जेवतलंय काय?" तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मग मंजुळा उतरली. मग द्रुपदीचे लेक, सावळाचे नातू. खड्ड्यात जागा उरली नाही, तशी माणसं बांधाच्या कडेला खाडीकडे पाठ करून उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. गावकार होता, त्याच्याशी तीन वर्षं न बोलणारा त्याचा शेजारी होता. आपला तुकडा कुठला हे कुणी पाहिलं नाही. टोपल्या हातोहात फिरू लागल्या. माणसांना आणि सर्वांत शेवटी दारकाआजीला वर ओढून खड्डा भरला, त्यावर आणखी माती, आणखी माती. दारकाआजी त्या भरल्या खड्ड्यावर उभी राहिली. पाणी चढत चढत आलं, तिच्या पावलांना लागलं, आणि तिथून परतलं, म्हणे. काही म्हणतात, माणसांच्या पाठींनी ते अडवलं. दाजींना विचारलं तर ते म्हणतात, मी तेव्हा नव्हतो.

ओहोटी लागली. भात हिरवंगार उभं होतं. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. पण गुरव अस्वस्थ होता. देवाला शब्द दिला होता, त्याचं काय?

दारकाआजीने बांधावर बसकण मारली. "देवान माणूस मागल्यान. दिस खंय सांगल्यान?" ती म्हणाली. "आजपासून मी बांधाची. जातलंय तेवा जातलंय. तवसर हयं बसान ऱ्हवतलंय."

गुरवाने ते गाऱ्हाण्यात घालून देवापुढे मांडलं, आणि आता सगळ्या गावाने एका आवाजात "व्हय महाराजा!" म्हटलं. बांधाच्या वाटण्या त्या दिवसापासून संपल्या.

दारकाआजी पुढे पुष्कळ जगली. दर उधाणाला ती बांधावर येऊन बसे, आणि तिच्या मांडीवर मंजुळेचं एखादं पोर असे. तिला मरण आलं ते घरी, अंथरुणात, सगळ्यांच्या देखत. बाराव्या दिवशी गावातल्या ज्या ज्या माणसाची नाळ तिने कापली होती, ते सगळे आपापल्या अंगणातली टोपलीभर माती घेऊन बांधावर आले आणि ती बसायची तिथे ती माती घातली. पहिली टोपली मंजुळेची होती. बांध तिथे रुंद झाला. देवाला दिलेला शब्द असा पुरा झाला.

द्रुपदी गेली तेव्हा तिच्या जागेवर तसंच झालं, मग सावळाच्या. आजही आंबेखारात कुणाची आजी गेली की सगळ्या घरांतली आणि तिच्या माहेरची माती बांधावर जाते, आणि त्या जागेला तिचं नाव पडतं. हयात असलेल्या म्हाताऱ्या तर संध्याकाळच्या फिरायला म्हणून येतात आणि आपली जागा आधीच पसंत करून ठेवतात. त्यावरून त्यांची भांडणंही होतात, वारा कुठे बरा लागतो यावरून.

बांधाचा सर्वांत रुंद भाग मोरीजवळ आहे. तिथे दोन नावं शेजारी शेजारी आहेत. एक दारकाआजीचं. दुसरं मंजुळाआजीचं. ज्या पोरीला हळदीच्या अंगाने या बांधात घालायचं ठरलं होतं, ती पणतवंडं खेळवून, पिकल्या केसांनी इथे आली. तिच्या मातीला सगळं गाव आलं होतं, असं सांगतात. आणि तिच्या माहेरचं कुणीच नव्हतं, म्हणून माहेरची माती गावकाराच्या घरून आली.