कॉम्प्युटरचा सत्कार

माजी प्राचार्य विश्वंभरराव पार बुचकळ्यात पडले होते. घरचा कॉम्प्युटर महिनाभर सारखा अडत होता. अध्यक्षीय भाषण दोन ओळी पुढे सरकलं की माउस जागीच थिजायचा. व्हायरस काढून झाला, वायरी बदलून झाल्या. धूळ बसू नये म्हणून तर त्यांनी सीपीयूवर स्वतःच्या सत्काराची लोकरी शाल पांघरली होती. शेवटी खापर सुनेवर फुटलं.

“मृण्मयी, तुझ्या ऑनलाइन शिकवण्यांनीच हा बिघडला. यापुढे याला हात लावायचा नाहीस.”

मृण्मयीने शालीखाली हात घातला आणि चटका बसताच मागे घेतला.

“बाबा, सत्कारात शाल किती वेळ अंगावर ठेवता?”

“फोटो निघेपर्यंत. पुढे उकडून जीव जातो.”

“मग याचाही एक फोटो काढा, आणि सोडा बिचाऱ्याला.”