लांबड्या गाडीची दृष्ट

मोटारींना अजून वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. बोंद्र्यांनी सगळं घर मावेल अशी एक लांबडी, जुनी गाडी घेतली. ती घडोघडी रुसून बसायची. मग विमलकाकू म्हणायच्या, "दृष्ट लागली हो!" आणि दर शनिवारी बंपरला ताजं लिंबू-मिरची बांधायच्या.

एकदा ऐटीत झुलणारं लिंबू आतल्या रेडिएटरला म्हणालं, "ही गाडी माझ्या जिवावर चालते बरं!"

"असेल बाबा," रेडिएटर म्हणाला. "पण मी पार कोरडा पडलोय. तुझ्याकडे सगळे बघतात, तूच सांग ना त्यांना."

"आणि मग मला कोण विचारणार?" लिंबू हसलं.

पुढच्याच घाटात गाडी थांबली आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. लिंबू शिजायला लागलं. "अरे, आता तरी ओरडून सांग!" ते कळवळलं.

"ओरडतोच आहे की," रेडिएटर फुसफुसला.

काका पाण्याची बाटली घेऊन धावले. काकूंनी त्यांचा हात धरला आणि वाफेला नमस्कार केला.

"थांबा हो! बघा, दृष्ट कशी निघतेय!"

आणि बाटलीतलं सगळं पाणी त्यांनी भक्तिभावानं लिंबावर शिंपडलं.