नांदवळचं मुकं मैदान

नांदवळच्या मैदानावर पहिल्यांदा सामना बघायला आलेला पाहुणा हमखास फसतो. त्याला वाटतं, इथल्या माणसांना खेळाचं काही सोयरसुतक नाही. थोरल्या आणि धाकट्या नांदवळीचे कबड्डी संघ समोरासमोर उभे, दोन्हीकडे पगारी खेळाडू, बसायला तसूभर जागा नाही, आणि चढाई सुरू झाली की सगळं मैदान चिडीचूप. एखाद्याने हौसेने शिट्टी घातलीच, तर शेजारचा असा बघतो की पुढची शिट्टी तोंडातच राहते. मग गावातले जुने जाणते दौलूतात्या त्या पाहुण्याला पारावर बोलावतात आणि हे सांगतात.

खेळ अजून हुतुतूच होता, तेव्हाची ही गोष्ट म्हणे. मधे ओढा, अलीकडे थोरली, पलीकडे धाकटी. सोयरिकी एकमेकांत आणि वैरही एकमेकांतच. थोरलीच्या इनामदारांनी तालमीतले गडी धान्य देऊन पदरी ठेवले, म्हणून धाकटीच्या पाटलांनीही ठेवले. तेव्हापासून जत्रेतल्या या सामन्याला ईर्षा चढली. हरलेलं गाव पुढच्या जत्रेपर्यंत बाजारात मान खाली घालून फिरे.

आनसा थोरलीची लेक, धाकटीत दिलेली. भाऊ सुभाना थोरलीचा पकडीचा गडी. त्याच्या मिठीतून सुटलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. नवरा केरबा धाकटीचा चढाईचा गडी. तू कुणाकडची, असं बायका चिडवून विचारत. ती हसून म्हणे, "दादा रुसला तर भाऊबीजंला हसंल. ह्यो हरला तर वरीसभर जेवताना बोलायचा न्हाई."

त्या वर्षी सामना बरोबरीत आला आणि शेवटची चढाई केरबाची होती. त्याने एकाला शिवलं, वळला, आणि मधल्या रेघेपासून हातभर अंतरावर सुभानाने त्याला कमरेत धरलं. वर बाकीचे पडले. त्या काळचा नियम साधा होता. 'हुतुतु' म्हणत दम चालू असताना हात रेघेला लागला तर गडी जिंकला. दम तुटला की बाद, आणि धरणाऱ्यांनी लगेच सोडायचं.

धाकटीच्या लोकांना राहवेना. केरबाला जोर यावा म्हणून कुणीतरी त्याच्या दमात आपला आवाज मिसळला. मग मैदानाचा त्यांच्याकडचा सगळा काठच हुतुतु, हुतुतु करू लागला. आनसा सगळ्यांत मोठ्याने.

ढिगाखाली सुभानाच्या कानात तो दम घुमत होता. एवढा वेळ टिकला, भलताच चिवट निघाला, असं वाटून त्याने मिठी आणखी आवळली.

आनसाची नजर केरबाच्या हातावर होती. रेघेकडे ताणलेला तो हात मातीत उताणा पडला होता, बोटं सैल. ती गप्प झाली. बाकीचे थांबले नाहीत. बाईने मैदानात पाय ठेवायची रीत नव्हती. ती धावत आत गेली, भावाचा खांदा धरून ओढू लागली.

"सोड रं दादा! त्यो न्हाई म्हनत. आमी म्हनतोय!"

मग लोक थांबले. ढिगाखालून काहीच ऐकू येईना. केरबा उठला नाही.

भांडण लगेच पेटलं. तुमच्या पकडीने गेला, असं धाकटी म्हणे. तुमच्या ओरड्याने गेला, असं थोरली म्हणे. दोन्हीकडून काठ्या आल्या. सुभाना मातीत बसून आपल्या हातांकडे बघत राहिला होता. आनसा मधल्या रेघेवर जाऊन उभी राहिली, असं सांगतात.

"पकड दादाची हुती आन वरडा माझा हुता," ती म्हणाली. "कुनाला मारताय? हितनं फुडं ह्या मातीवर ज्याचा दम, त्याचाच आवाज. पटत न्हाई त्यानं हितं खेळू नगा."

दोन्ही गावांनी तिच्यासमोर बेलभंडार उचलून तशी शपथ घेतली. सुभाना पुन्हा कधी खेळला नाही. चढाईच्या वेळी पारावरच्या पिंपळाची पानंही सळसळत नाहीत, असंही सांगणारे आहेत. तात्यांनी ती सळसळताना पाहिली आहेत, पण ते कुणाला खोडून काढत नाहीत.

वैर काही संपलं नाही. आजही हरलेलं गाव वर्षभर चिडतं, खेळाडूंची पळवापळवी होते, पंचांना शिव्या बसतात. पण आजही चढाई सुरू झाली की एकाच माणसाचा आवाज ऐकू येतो, आणि तो थांबला की पंचाच्या शिट्टीआधी धरणाऱ्यांचे हात सुटतात.