चार स्पर्धा, एक पंगत

मृणालिनी शिर्के यांनी मातीच्या कोर्टवर सहा वेळा राज्याचं अजिंक्यपद मिळवलं होतं. सदतिसाव्या वर्षी मात्र त्यांनी ठरवलं, की यंदा मातीवरच्या चारही स्पर्धा खेळायच्या नाहीत. गुडघ्याला झेपेल अशी एकच, सगळ्यात मोठी, कोल्हापूरची खेळायची.

त्यांच्या नावावर चारही ठिकाणी गर्दी जमायची, त्यामुळे टेनिस संघटनेचे अध्यक्ष दादासाहेब रणनवरे खवळले. भर पत्रकार परिषदेत ते शेजारी बसलेल्या मृणालिनीताईंना म्हणाले, "खेळायचं तर चारही खेळा, नाहीतर कोल्हापूरच्या यादीतूनही नाव कापतो. वयाची धास्ती घेतलीत, दुसरं काही नाही!"

ताईंनी शांतपणे विचारलं, "दादासाहेब, एकाच दिवशी चार लग्नांची आमंत्रणं आली, तर तुम्ही काय करता?"

दादासाहेबांनी ऐटीत मिशीवरून हात फिरवला. "आपण कुणालाच नाराज करत नाही. तीन ठिकाणी अक्षता टाकायच्या आणि निघायचं. जेवायचं मात्र जिथली पंगत मोठी, तिथंच. चारही ठिकाणी जेवायला मी काय खुळा आहे?"

"मग माझंही तेच," ताई म्हणाल्या. "तीन ठिकाणी उद्घाटनाला येते, पहिला चेंडू मारते. पानावर मात्र कोल्हापूरलाच बसते."

पत्रकारांत खसखस पिकली. दादासाहेब ओशाळले, तरी हटेनात. "आणि तिथंही हरलात तर?"

"हरले तरी भुकेली असताना हरेन, दादासाहेब. अजीर्ण होऊन नाही!"

आता दादासाहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि हसत हसतच कोल्हापूरच्या यादीवर सही केली.