नकटीची तोंडी परीक्षा

२३ मार्च १९५४, मंगळवार. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, उकाडा फार.

"म्हणजे नापासच करायचा ना, सर?" डॉ. गुर्जरांनी दुसऱ्यांदा विचारलं.

भूशास्त्र विभागाचे प्रमुख प्रा. हर्डीकर खिडकीशी बसून चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

गुर्जर त्यांचेच विद्यार्थी. विलायतेहून डॉक्टर होऊन आले त्याला जेमतेम वर्ष झालेलं. परीक्षक म्हणून एम.एस्सी.ची तोंडी घेण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. त्या दिवशीच्या इतरांचं सगळं सुरळीत पार पडलं होतं. अडला होता तो एकटा नाईकवडी. दुसऱ्या कॉलेजातून आलेला, कोल्हापूरकडचा. त्याला सोळा गुण पडले होते. पास व्हायला वीस लागत. तोंडीत गेला की सबंध वर्ष गेलं, आणि जूनमध्ये कोळशाच्या खाणीवर ठरलेली नोकरीही गेली. गुर्जरांना हे ठाऊक होतं.

"दया दाखवायची असेल तर तसं सांगा. मी दाखवीन."

"दया कशाला? काय चुकला तो?"

"हातात नमुना दिला. म्हणाला, बेसाल्ट असेल किंवा डोलेराइट असेल, दोन्ही काळेच, फरक आतल्या कणांचा, फोडल्याशिवाय सांगता येणार नाही. सतरा नंबरचा नमुना, सर! बाकीच्यांनी नुसता हातात घेतला आणि सांगितलं."

"आण बघू."

गुर्जरांनी शेजारच्या खोलीतून दगड आणला. मुठीएवढा, काळा, एक कोपरा उडालेला. वर्षानुवर्षं पोरांच्या हातांत फिरून तेलकट, गुळगुळीत झालेला.

"काय आहे?" हर्डीकरांनी विचारलं.

"डोलेराइट."

"कशावरून?"

गुर्जर हसले. "काय सर, नकटीला कोण ओळखणार नाही? आमच्या वेळीसुद्धा नकटीच म्हणायचो हिला. वरच्या वर्गातली पोरं आधीच सांगून ठेवायची, नाक तुटलेली हाती आली की डोळे मिटून डोलेराइट म्हणायचं."

"तूही डोळे मिटून म्हणालास?"

"म्हणजे..."

गुर्जरांचं हसू ओसरलं. त्यांनी दगड उजेडाकडे धरला. नखानं खरवडला. खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. वरच्या काळपट थरातून कण काही दिसेनात.

हर्डीकरांनी टेबलाच्या खणातून हातोडा काढून पुढे केला.

"सर, विभाग सुरू झाला तेव्हापासूनचा नमुना आहे हा."

"फोड."

"संचातला एक कमी होईल."

"कमी कसा होईल? दोन होतील. फोड."

गुर्जरांनी दगड उंबऱ्यावर ठेवला. पहिला घाव निसटला. दुसऱ्या घावाला दगड मधोमध उकलला. आतला भाग ताजा, करडा. बारीक लांबट स्फटिक एकमेकांत अडकलेले, साध्या डोळ्यांनाही चमकताना दिसत होते.

गुर्जरांचा जीव भांड्यात पडला. "डोलेराइटच आहे, सर! बघा, बेसाल्टचे कण असे नुसत्या डोळ्यांना दिसले नसते. माझं बरोबरच होतं."

"नाईकवडीचं काय चुकलं होतं?"

उंबऱ्यापाशी उकिडवे बसून गुर्जरांनी दोन्ही तुकडे पुन्हा जुळवून पाहिले. वरून काहीच कळत नव्हतं.

मग उठले. टेबलाशी येऊन त्यांनी सोळाचा आकडा खोडला, सव्वीस लिहिला आणि बाजूला सही केली. नाईकवडी पास झाला.

हर्डीकरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

गुर्जर दोन्ही तुकडे घेऊन दारापर्यंत गेले आणि थांबले. उद्या सकाळी उरलेल्या मुलांची तोंडी होती.

"सर, हा तर आता बाद झाला. सतरा नंबरच्या जागी काय ठेवू?"

"हाच ठेव. इतकी वर्षं नुसती नकटी होती; आता कुठे तो दगड झालाय."